दुखापत जबर केव्हा ठरते

प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुका न्यायालयात जाऊन फौजदारी बोर्डावरची मारहाणीची चार-दोन प्रकरणं उघडून पाहा. सगळ्या फिर्यादी एकाच हातानं लिहिल्यासारख्या वाटतील. ‘यातील आरोपींनी संगनमत करून, मागील भांडणाचा राग मनात धरून, फिर्यादीस शिवीगाळ व दमदाटी करून, लाथाबुक्क्यांनी व काठीने मारहाण करून जखमी केले व जिवे ठार मारण्याची धमकी दिली.’ नाव, गाव आणि तारीख तेवढी बदलते. यात ठाणे अंमलदाराचाच दोष असं मला वाटत नाही. रात्री अकराच्या सुमारास डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस समोर बसलेला असतो, बाहेर त्याचे आणि समोरच्या पार्टीचे नातेवाईक गोळा झालेले असतात, आणि वैद्यकीय तपासणीची यादी आधी दवाखान्यात पाठवायची की आधी जबाब घ्यायचा हेच ठरत नसतं. तरीही खटला उभा राहतो तो या वाक्यावर, आणि बहुतेक वेळा पडतो तोही याच वाक्यामुळे. कुठं लागलं, कशानं लागलं, किती लागलं, आणि मारणाऱ्याला तेवढं लागावं असं वाटत होतं का, यांपैकी एकाचंही नेमकं उत्तर त्यात नसतं.

या पुस्तकाचा विषय हे चार प्रश्न आहेत. त्यातल्या त्यात शेवटचा. मारहाणीच्या प्रकरणात आपल्याकडं सगळे टाके मोजतात: फिर्यादी मोजतो, पोलीस मोजतात, वार्ताहर तर मोजतोच. कायदा टाके मोजत नाही असं नाही, पण तेवढ्यावर थांबत नाही. हात उगारला तेव्हा त्या माणसाला काय हवं होतं, किंवा निदान काय होणार हे ठाऊक होतं, हे सिद्ध झाल्याशिवाय गुन्ह्याला त्याचं खरं कलम मिळत नाही. पंचवीस पानांच्या दोषारोपपत्रात याबद्दल एक ओळही नसावी, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की पुस्तक लिहिण्याचं खरं कारण तेच म्हणावं लागेल.

आधी पायऱ्या सांगतो. सगळ्यात खालची पायरी हमल्याची. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३० प्रमाणे अंगाला स्पर्शही व्हावा लागत नाही. आता हा मारणार अशी भीती समोरच्याला वाटेल असा हावभाव किंवा तयारी केली की हमला झाला. नुसते शब्द पुरत नाहीत, मात्र शब्दांमुळे हावभावाला अर्थ येऊ शकतो. त्याच्या वर दुखापत, कलम ११४. शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता यांपैकी काहीही पोचवलं की दुखापत होते. थोबाडीत मारणं इथंच येतं. त्याला कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात ‘तुमची एनसी घेतली’ असं सांगून परत पाठवतात ते बहुधा याच कलमाखाली. वारंट नसताना अटक नाही, न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास नाही. लोक नाराज होऊन घरी जातात. फिर्यादीत ‘जिवे मारण्याच्या उद्देशाने’ हे शब्द घुसवण्याचा मोह कुठून येतो, हे कळायला एवढं पुरे.

त्यानंतर जबर दुखापत, कलम ११६. इथं कायद्यानं प्रमाण डॉक्टरांच्या किंवा न्यायाधीशांच्या अंदाजावर सोडलेलं नाही, यादीच दिली आहे. पुरुषत्व नष्ट करणं, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं, एखादा अवयव किंवा सांधा गमावणं, त्याची शक्ती नष्ट होणं किंवा कायमची कमी होणं, डोक्याचं वा चेहऱ्याचं कायमचं विद्रूपीकरण, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, आणि शेवटी जिवाला धोका निर्माण करणारी किंवा ठरावीक दिवस माणसाला तीव्र वेदनेत ठेवणारी, नेहमीची कामं करू न देणारी दुखापत. हे आठ प्रकार १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३२० म्हणून होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही जवळजवळ तसेच आले आहेत.

यादी वाचली की पहिला धक्का बसतो तो दाताचा. मांडीला वीतभर लांब चीर पडली, पंधरा टाके घातले, रक्तानं पँट भिजली, पण हाड शाबूत, आठवड्यात माणूस कामाला लागला, जिवाला धोका नव्हता. कायद्याच्या लेखी ही साधी दुखापत. शेजाऱ्यानं ठोसा मारला, रक्ताचा थेंब गिळून टाकला, पण पुढचा एक दात निखळला. ही जबर. ज्यांच्या अंगावर टाके असतात त्यांना हे पटत नाही, आणि त्यांना पटावं अशी माझी अपेक्षाही नाही. परंतु यादीमागचा विचार उघड आहे. रक्त वाळतं, कातडी जुळते. दात परत येत नाही, डोळा परत येत नाही. परत न येणारं काय गेलं, हे मेकॉलेच्या आयोगाच्या १८३७ च्या दंड संहितेच्या मसुद्यापासून पाहिलं गेलं आहे. मोडलेलं हाड मात्र जुळतं आणि तरीही यादीत आहे. म्हणजे तर्क सगळीकडं सारखा लागू पडत नाही, आणि कोणी तसा दावा करू नये.

हाड मोडणं म्हणजे तरी काय? कुऱ्हाडीचा निसटता वार कवटीवर बसला, हाडाला खाच पडली, पण हाड आरपार तुटलं नाही, तर? सर्वोच्च न्यायालयानं होरीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. हाड आरपार कापलं जायला हवं किंवा तडा बाहेरच्या पृष्ठापासून आतल्या पृष्ठापर्यंत जायला हवा, असं नाही. कापण्यानं वा कपचा उडण्यानं हाडाचं सलगपण भंगलं की मोडलं. नुसता वरवरचा ओरखडा असेल तर नाही. ऐकायला हा बारकावा वाटतो, पण सात वर्षांची कैद आणि एक वर्षाची कैद यांतलं अंतर या बारकाव्यात आहे.

दिवसांची अट हा या यादीतला सगळ्यात गैरसमज झालेला भाग. जुन्या संहितेत वीस दिवस होते, नव्या संहितेत पंधरा केले आहेत. पाच दिवसांनी काय फरक पडतो असं वाटेल, पण स्नायूंच्या खोल जखमा आणि मुका मार यांची कितीतरी प्रकरणं नेमकी या पाच दिवसांत अडकतात. पंधरा दिवस दवाखान्यात ‘ॲडमिट’ होता हे सिद्ध केलं की झालं, असं समजून तपास संपवला जातो. तसं नाही. दवाखान्यात राहणं हा पुरावा असू शकतो, अट नव्हे. त्या दिवसांत वेदना तीव्र होत्या, किंवा शेतकरी असेल तर शेतात, गवंडी असेल तर कामावर, शिक्षिका असेल तर वर्गात जाता येत नव्हतं, हे दाखवावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं नसतं. ते जबाबात यावं लागतं, डॉक्टरांना विचारावं लागतं, आणि बहुतेक वेळा कोणीच विचारत नाही.

आता मनाकडं येतो. कलम ११७ चं स्पष्टीकरण मी नव्या वकिलांना पाठ करायला लावतो. जबर दुखापत झाली एवढ्यानं ‘इच्छापूर्वक जबर दुखापत’ होत नाही. ती व्हावी असा उद्देश हवा किंवा ती होण्याचा संभव आहे याची जाणीव हवी, आणि शिवाय ती प्रत्यक्षात व्हायला हवी. दोन्ही एकत्र. मात्र आरोपीला यातून एक पळवाट मिळत नाही. चेहरा विद्रूप करायच्या उद्देशानं वार केला, चेहरा वाचला, पण त्या वारानं माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत पडून राहिला, तरी आरोपी सुटत नाही. जबर दुखापतीचा एक प्रकार मनात होता, दुसरा घडला, तरी चालतं. जबर असं काहीच मनात नव्हतं आणि नशिबानं जबर घडलं, तर मात्र चालत नाही.

एक प्रसंग कल्पनेनं उभा करू. दोन चुलतभाऊ, मध्ये बांध, उसाला पाणी कोणाच्या पाळीचं यावरून वाद. पहिल्या रूपात एकानं दुसऱ्याला ढकललं, तो मोटारीच्या पायपावर पडला आणि मनगट मोडलं. एक्स-रेवर तडा स्पष्ट आहे, दुखापत जबर आहे, पण ढकलणाऱ्याला मनगट मोडेल असं वाटलं होतं का? बहुधा नाही. परिणाम जबर, मन साधं. कलम ११५(२). दुसऱ्या रूपात त्यानं हातातलं फावडं उलटं धरून दांड्यानं समोरच्याच्या उगारलेल्या हातावर जोरात मारलं, आणि तेच मनगट तिथंच मोडलं. एक्स-रे प्लेट दोन्ही प्रकरणांत एकसारखी असेल. पण धडधाकट माणूस फावड्याच्या दांड्यानं मनगटावर मारतो तेव्हा हाड मोडू शकतं हे त्याला माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल? इथं ११७(२), सात वर्षांपर्यंत कैद. तिसऱ्या रूपात फावड्याची धार डोक्याच्या दिशेनं आली, समोरच्यानं मान चुकवली, कान फाटला, दोन टाके. दाखल्यावर ‘साधी दुखापत’. आणि हेच तिन्हींत सगळ्यात भयंकर प्रकरण आहे.

त्या तिसऱ्या रूपाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथं एक्स-रे प्लेटचा काहीच उपयोग नाही. खुनाच्या प्रयत्नाचं कलम, पूर्वीचं ३०७ आणि आता १०९, परिणामाकडं जवळजवळ पाहतच नाही. कृत्य अशा उद्देशानं किंवा अशा जाणिवेनं केलेलं हवं की त्यानं मृत्यू झाला असता तर तो खून ठरला असता. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मृत्यू घडवू शकेल अशी जखम प्रत्यक्षात व्हायलाच हवी अशी अट या कलमात नाही. जखमेच्या स्वरूपावरून उद्देश ताडायला मदत होते, पण उद्देश इतर परिस्थितीवरूनही ताडता येतो, कधी जखम नसतानाही. कोणतं हत्यार, शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोरानं, किती वेळा, मारण्याआधी काय म्हटलं, पळणाऱ्याचा पाठलाग केला का, कोणी मध्ये पडल्यामुळे थांबला की आपणहून. यातला शेवटचा मुद्दा फिर्यादीत मी फार क्वचित पाहिला आहे.

याची दुसरी बाजूही आहे. पोटात चाकूचा एक वार, आतडं फाटलं, वेळेत शस्त्रक्रिया झाली म्हणून माणूस वाचला. जिवाला धोका होता यात शंका नाही. ही जबर दुखापत की खुनाचा प्रयत्न? आणि माणूस दगावला असता तर सदोष मनुष्यवध की केवळ जबर दुखापत? स्वातंत्र्याआधीच्या अखेरच्या वर्षांत मुंबई उच्च न्यायालयापुढं आलेल्या अब्दुल वहाब प्रकरणात या रेषेची चर्चा झाली आहे. जिवाला धोका पोचवणारी दुखापत आणि मृत्यू होण्याचा संभव असलेली दुखापत यांतली रेषा फार बारीक आहे, हे न्यायालयानंच मान्य केलं. ती रेषा सरळ करून दाखवू असा माझा हट्ट नाही. ज्यांना ती सरळ वाटते त्यांनी अशी प्रकरणं पुरेशी वाचलेली नाहीत, एवढंच म्हणतो.

हत्याराचं कलम ११८ आहे. साधी दुखापत धोकादायक हत्यारानं केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, जबर दुखापत केली तर किमान एक वर्ष, दहा वर्षांपर्यंत, आणि जन्मठेपही. गोळी घालण्याची, भोसकण्याची वा कापण्याची साधनं, आग, तापलेले पदार्थ, विष, दाहक पदार्थ, स्फोटकं, जनावर, हे सगळं त्यात येतं. शिवाय हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू होण्याचा संभव आहे असं कोणतंही साधन. कोयता, कुऱ्हाड, तलवार यांबद्दल वाद होत नाही. वाद होतो तो काठीचा आणि दगडाचा. मथाई विरुद्ध केरळ राज्य या २००५ च्या निकालात दगडाचा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं असं धरलं की कोणतीही वस्तू मुळातच धोकादायक हत्यार असते वा नसते असं म्हणता येत नाही, आकार, धार आणि वापर पाहून ठरवावं लागतं. मुद्देमालात जप्त केलेला दगड न्यायालयात आणलाच गेला नाही, किंवा पंचनाम्यात त्याचं वजन-माप लिहिलं नाही, तर न्यायाधीशांनी काय पाहावं?

दातांचीही गंमत आहे. कडाडून चावा घेऊन बोटाचा तुकडा पाडला, तर दुखापत जबर आहे यात वाद नाही. पण दात हे हत्यार का? शकील अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं माणसाचे दात या कलमाच्या अर्थानं धोकादायक हत्यार नाहीत असं सांगून शिक्षा हत्याराच्या कलमातून साध्या जबर दुखापतीच्या कलमात आणली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानंही चाव्याच्या एका प्रकरणात तीच भूमिका घेतली. तरी ठाण्यात चाव्याची फिर्याद आली की हत्याराचं कलम लागतंच. ते लावलं की गुन्हा दखलपात्र होतो, हे कारण.

आता ज्या कागदावर हे सगळं टेकलेलं असतं त्याकडं वळतो. जखमेचा दाखला. ग्रामीण रुग्णालयातल्या छापील नमुन्यात रकाने असतात: जखमेचा प्रकार, आकार, शरीरावरची जागा, वय, कोणत्या साधनानं, साधी की गंभीर. मी पाहिलेल्या दाखल्यांत आकाराच्या रकान्यात पुष्कळदा लांबी-रुंदी असते, खोली नसते. जागेच्या रकान्यात ‘डोके’ एवढंच असतं, कपाळ की मागची बाजू हे नसतं. साधनापुढं ‘कठीण व बोथट’. शेवटच्या रकान्यात ‘गंभीर’, आणि का गंभीर याचा पत्ता नाही. मग उलटतपासात आरोपीचे वकील शांतपणे विचारतात, डॉक्टरसाहेब, ही जखम दगडावर पडल्यानं होऊ शकते का? डॉक्टर प्रामाणिक असतात, ते म्हणतात, होऊ शकते. पुढचा प्रश्न एक्स-रेचा. प्लेट जिल्हा रुग्णालयात, ती वाचणारे डॉक्टर साक्षीदारांच्या यादीतच नाहीत. सरकारी वकील मागं वळून तपास अंमलदाराकडं पाहतात, तोवर त्यांची बदली दुसऱ्या ठाण्यात झालेली असते. खरोखर मोडलेलं हाड कागदावर जुळतं, आणि सात वर्षांचं कलम एक वर्षावर येतं. जखमी साक्षीदाराच्या साक्षीला न्यायालय विशेष वजन देतं हे खरं, पण आपलं हाड मोडलं होतं हे तो साक्षीत सांगू शकतो, सिद्ध करू शकत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी लिहिलेलं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांब आहे, ते यामुळे.

ॲसिड हल्ल्याचं प्रकरण त्यामानानं छोटं आहे. २०१३ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम आता १२४ म्हणून आहे, किमान दहा वर्षं कैद, आणि फेकण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा वेगळा गुन्हा. तिथं मजकूर स्वच्छ आहे, भाष्याला फारसा वाव नाही. कायमचं अपंगत्व किंवा कायमची निपचित अवस्था आणणाऱ्या दुखापतीचं ११७(३) आणि जात, समाज, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांच्या गटानं केलेल्या जबर दुखापतीचं ११७(४) ही दोन्ही कलमं नवी आहेत. त्यांवर निकाल साचायला वेळ लागेल, म्हणून मी तिथं लेखणी आवरती घेतली आहे.

गटानं केलेल्या मारहाणीत ‘तिथं होता’ आणि ‘सामील होता’ यांत गल्लत होते. कलम ३(५) खालच्या समान उद्देशासाठी मनं जुळलेली असावी लागतात, बांधावर नुसतं उभं राहणं पुरत नाही. तसंच आत्मसंरक्षण. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले, दोन्हींकडून फिर्यादी झाल्या, असं आपल्याकडं नेहमी घडतं, आणि आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षानं केला नाही तर न्यायालयाला मूळ हकिगतीवरच शंका येते. लक्ष्मी सिंह प्रकरणापासून, म्हणजे १९७६ पासून, हे सांगितलं जात आहे. परस्परविरोधी फिर्यादी एकाच न्यायाधीशापुढं, एकापाठोपाठ एक चालाव्यात हा संकेतही याचसाठी.

एक विसंगती मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. हत्यारानं जबर दुखापतीच्या ११८(२) मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण खटला चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढं, ज्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. जास्त शिक्षा हवी असं त्याला वाटलं तर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडं पाठवण्याची सोय आहे, त्यांचाही हात सात वर्षांपर्यंतच पोचतो. कायद्यातली जन्मठेप या वाटेनं कधी प्रत्यक्षात येणार? खुनाचा प्रयत्न मात्र थेट सत्र न्यायालयात जातो. तपासातला अर्धा वाद, १०९ लावायचं की ११८(२), खरं तर न्यायालय निवडण्याचा वाद असतो, आणि जामिनाचा.

तडजोडीचंही तसंच. साध्या दुखापतीत जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो, ११७(२) मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं. ११८(२) आणि १०९ मध्ये मिटवण्याची तरतूद नाही, मग भावकीचे दोन्ही गट उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागतात. नरिंदर सिंह प्रकरणात, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ३०७ लावलं एवढ्यावर थांबू नये. ते नावापुरतं आहे की पुराव्यात खरोखर त्याचा आधार आहे, हे जखमेची जागा, हत्यार आणि स्वरूप पाहून तपासावं. फिर्यादीत घुसवलेले ते तीन शब्द अखेर इथं येऊन तपासले जातात, कधी सात-आठ वर्षांनी.

वाचकाला एक अडचण येईल. ३० जून २०२४ पर्यंतच्या घटनांना जुनी संहिता लागू आहे आणि त्यांचे खटले अजून बरीच वर्षं चालतील. ज्या तारखेला मार लागला त्या तारखेचा कायदा. संविधानाच्या अनुच्छेद २०(१) मुळे जुन्या घटनेला नवी, जास्त कडक व्याख्या लावता येत नाही, म्हणजे त्या प्रकरणांत वीस दिवसच मोजायचे, पंधरा नव्हे. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या मथळ्याखाली दोन्ही संहितांचे कलम क्रमांक शेजारी शेजारी दिले आहेत, जुना डावीकडं, नवा उजवीकडं.